अख्ख्या लाइनीचा कोट

शालिकराम रामटेकेने कोटाबद्दल सल्ला विचारला तो एकाच माणसाला, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला. खुर्सीपारच्या मजुरांच्या खोल्यांच्या लाइनीत एकाला विचारलं म्हणजे सगळ्यांना विचारलं. आणि सगळ्यांना विचारलं की मग ऐकावंही सगळ्यांचंच लागतं.

साल एकोणीसशे एकसष्ट. चार वर्षांआधी भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत चिखल तुडवणारा शालिकराम आता भिलाईच्या कारखान्यात, रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवत होता. त्यातून सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी रशियाला जायला त्याचं नाव निघालं. लाइनीतून असं निघालेलं हे पहिलंच नाव. त्याच्या बायकोने, शेवंताने, घरोघरी गूळ वाटला. गूळ वाटून झाल्यावर शालिकरामने नोटिशीतली शेवटची ओळ वाचली: शनिवारी सकाळी दहा वाजता ट्रेनिंग ऑफिसात कमिटीला गरम कपडे दाखवावेत. ज्याचे कपडे पुरेसे नसतील त्याचं नाव कापून वेटिंग लिस्टमधल्या माणसाला पाठवलं जाईल.

शालिकरामकडे गरम असं काही नव्हतंच. एक मफलर होता, तोही सासऱ्याचा. आणि वेटिंग लिस्टवर पहिलं नाव होतं तेजराम गजभियेचं. तेजराम त्याच क्रेनवर सकाळच्या पाळीत, शालिकराम दुपारच्या. राहायलाही तो शेजारच्याच खोलीत, एकटा. शालिकरामने सल्ला विचारला तो नेमका त्यालाच.

"तुमाले दुसरा कोनी भेटला नाई?" शेवंताने कपाळावर हात मारला. "तुमचा कोट नाई झाला तं रशियाले कोन जाईन? थोच जाईन. बोकडानं खाटकाले इचारलं, सुरी कोनती आनू, तशी गत केली तुमी."

"तेजराम तसा नाई, शेवंता."

"कोनीच तसा नसते. येळ आली का होते."

तेजराम मात्र कामाला लागला. त्याने शालिकरामला सायकलवर बसवून आधी सिविक सेंटरला नेलं. तिथे दुकानात एक लांब काळा लोकरीचा कोट टांगला होता. दुकानदाराने किंमत सांगितली आणि शालिकरामला तिथल्या तिथे घाम फुटला, म्हणजे कोटाचं काम तो अंगात न घालताच झालं. मग दुर्गच्या बाजारात पलटणीतला एक जुना कोट मिळाला. तो इतका मोठा होता की खिशात हात घालायला शालिकरामला वाकावं लागायचं, आणि कसरीने पाठीत असं काही काम केलं होतं की त्यातून मागचा माणूस दिसत होता. शेवटी तेजरामने कुठूनतरी एक रशियन मासिक आणलं. त्यात बर्फात उभा असलेला एक फुगीर जाकिटातला माणूस हसत होता.

"याच्यात बदकाची मऊ पिसं भरली असते," तेजराम म्हणाला. "दुभाष्यानं वाचून दाखोलं मले. पिसानं थंडी आत जात नाई."

"आता बदकं मारत फिराचं का तलावा-तलावानं?" शेवंता म्हणाली. "एका कोटाले शंभर बदकं लागतीन. तोवर शनिवार येऊन जाईन, आनि काही लोकाईले तेच पायजे."

पण फोटो लाइनीत फिरला. रविवारी विहारात बुद्धवंदनेला सगळी जमली. विहार म्हणजे तेव्हा चार बल्ल्या आणि वर पत्रे. लाइनीतली सगळ्यात वडील बाई, मैनाबाई, वंदना आटोपताच उठून उभी राहिली.

"बदकं-गिदकं राहू द्या," ती म्हणाली. "आपल्यातला पयला मानूस साता समुद्रापलीकडं चालला. तिथं कुडकुडला तं लाज कोनाची? आपली. पोरीच्या लग्नात आपन मूठ-मूठ तांदूळ देतो का नाई? तसा घरटी मूठभर कापूस द्या. आपला वऱ्हाडचा कापूस का पिसाइतका मऊ नसते?"

शेवंताच्या डोळ्यांत पाणी आलं. बत्तीस घरं होती. बत्तीस मुठींचा कोट छान झाला असता. पण मैनाबाईने मूठ कसली, स्वतःची अख्खी उशी आणून ठेवली. आता मैनाबाई उशी देते म्हटल्यावर शेजारीण मूठ घेऊन कशी जाणार? तिने दोन उशा आणल्या. तिसरीने गादीचा एक कोपरा रिकामा केला. संध्याकाळपर्यंत शेवंताच्या दारात कापसाचा असा ढीग पडला की तिला घरात जायला वाट राहिली नाही. सगळ्यात शेवटी तेजराम आला. त्याच्या खांद्यावर त्याची एकुलती एक रजई होती.

"ढेकनं असतीन याच्यात," तो गेल्यावर शेवंता म्हणाली. "याले का म्हनते, आंगात किडे सोडून मानसाले पळवून लावाचं."

कापूस पिंजून झाला आणि सगळं चंपत टेलरच्या ताब्यात गेलं. चंपत पायजामे शिवायचा आणि गाद्या भरायचा. कोट त्याने जन्मात शिवला नव्हता, पण तसं कबूल करण्याइतका तो हलक्या मनाचा नव्हता. कापूस पाहून मात्र तो हादरला. "वयनी, याच्यातला आर्धा बस झाला. बाकीचा परत करा."

"कोनाचा परत करू, सांगा," शेवंता म्हणाली. "मैनाबाईचा करू? म्हतारी बिनउशीची झोपून राहिली तिकडं. का पलीकडच्या घरचा करू? ते मंग जलमभर बोलनार नाई आमच्याशी. भरा सगळा."

चंपतने सगळा भरला. गुरुवारी शालिकरामने कोट अंगात घातला. खाकी कापडाचा, आतून शेवंताच्या लुगड्याचं अस्तर लावलेला तो कोट खरोखर दणकट होता. फक्त शालिकरामचे दोन्ही हात आडवे राहिले ते खाली येईनात. दारातून जाताना त्याला तिरपं व्हावं लागलं. तो खाटेवर बसला तेव्हा कोट बसला नाही, जागीच उभा राहिला, आणि शालिकराम नाकापर्यंत आत गेला.

"कसा वाटते?" मैनाबाईने विचारलं.

"मायेचा हाय," आतून आवाज आला.

आता इथेच थांबायला हवं होतं. पण तेजरामच्या डोक्यात शंका आली. भिलाईच्या थंडीत मफलरही जास्त होतो. कोट खरा गरम आहे का हे कळणार कसं? "दुर्गले बर्फाचा कारखाना हाय," तो म्हणाला. "उद्या तासभर आत बसून पाहू. कमी पडला तं आजून येळ हाय."

शुक्रवारी पाळी बुडवून दोघे गेले. शालिकरामला बर्फाच्या खोलीत लाद्यांच्या मध्ये बसवलं आणि तेजराम दाराशी घड्याळाकडे पाहत उभा राहिला. कोट इतका उबदार होता, इतका उबदार होता, की दहाव्या मिनिटाला शालिकराम मागच्या लादीला टेकून घोरायला लागला. मालक आत डोकावला आणि ओरडला, "अरे भाई, इसको बाहर निकालो, मेरा माल पिघल रहा है!"

परीक्षा पास झाली होती, पण वितळलेलं पाणी सगळं कोटाने पिऊन घेतलं होतं. बत्तीस घरांचा कापूस एकदा पाणी प्यायला लागला की थांबत नाही. कोट सायकलवर घातला तर सायकल बसली. दोघांनी आळीपाळीने खांद्यावर घेऊन तो खुर्सीपारला आणला, दोरीवर टाकला तर दोरी तुटली. चार जणांनी चार टोकं धरून पिळला, तरी खाली थेंब गळतच राहिले. दुसऱ्या दिवशी दहाला कमिटी होती.

त्या संध्याकाळी शेवंता भाकरी थापता थापता जे बोलली ते सगळं इथे लिहिता येत नाही. "मुद्दाम केलं त्यानं. मले पयल्या दिवशीच मालूम होतं. बर्फाचा कारखाना दाखवते म्हने! रजई देऊन डोळ्यात धूळ फेकली मेल्यानं. अस्तनीतला निखारा हाय थो, निखारा."

"हळू बोल," शालिकराम म्हणाला.

"कावून हळू बोलू? माह्या लुगड्याचं अस्तर हाय त्याच्यात."

शनिवारी उजाडताना तेजराम दारात आला. सकाळच्या पाळीला निघाला होता. "कोट द्या, वयनी. मिलीत भट्टीपाशी टांगतो. दहाच्या आत वाळवून, घंटाभराची सुटी घेऊन ऑफिसात आनतो."

शेवंताने कोट पोटाशी धरला. शालिकरामने तो तिच्या हातातून सोडवून तेजरामच्या खांद्यावर दिला. तेजराम गेला तशी ती उंबऱ्यावर बसली. "गेला कोट. आता रशियात थो कोट घालून कोन फिरते थे पाहाच तुमी."

दहा वाजले. ट्रेनिंग ऑफिसात माणसं आपापले कपडे घेऊन रांगेत उभी होती. टेबलामागे ऑफिसचे साहेब, त्यांच्या शेजारी रशियन इंजिनियर निकोलाय साहेब आणि एक दुभाषा. रांगेत सगळ्यात पुढे एक सुटाबुटातला क्लार्क होता. निकोलाय साहेबांनी त्याच्या सुटाचं कापड बोटांत धरलं आणि नुसतीच मान हलवली.

शालिकरामचा नंबर आला. "कपडे?" साहेबांनी विचारलं.

"येऊन राहिले, साहेब."

"कपडे येऊन राहिले? स्वतःच्या पायांनी?"

"सायकलवर, साहेब."

साहेबांनी पेन उचललं. शालिकरामच्या नावावर ते टेकणार तेवढ्यात फाटकातून सायकलवर खरोखरच एक कोट आला. कॅरियरवर मावत नाही म्हणून तेजरामने तो अंगात घातला होता. हात आडवे असल्यामुळे हँडल जेमतेम बोटांच्या टोकांनी धरलं होतं आणि ब्रेक पोचत नव्हता, म्हणून तो भिंतीला धडकून थांबला. भिंतीचं नुकसान झालं. तेजरामला कोटामुळे काही लागलं नाही. तो लालबुंद झाला होता, घामाने निथळत होता आणि भट्टीची धग अजून कोटातून येत होती.

निकोलाय साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी बाही दाबली, पाठ दाबली, शिवण उलटून पाहिली. मग ते मोठ्याने हसले आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. दुभाषा म्हणाला, "साहब कहते हैं, हमारे यहाँ कारखाने का हर मजदूर यही पहनता है. रुई का कोट. सूट-बूट वहाँ नहीं चलेगा. पूछ रहे हैं, इसमें रुई कितने आदमी की है?"

निकोलाय साहेबांनी ते थट्टेत विचारलं होतं. शालिकरामने खरं उत्तर दिलं. "बत्तीस घरची, साहेब. सगळ्याईनं उशा देल्या."

दुभाष्याने ते सांगितलं तेव्हा निकोलाय साहेब हसले नाहीत. त्यांनी शालिकरामचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. बिनउशीची झोपलेली मैनाबाई शालिकरामच्या डोळ्यांपुढे आली.

"वहाँ ठंड कितनी होती है?" सुटाबुटातल्या क्लार्कने विचारलं. शून्याच्या खाली तीस, असं दुभाष्याने सांगितलं. क्लार्कला अचानक आठवलं की त्याच्या आईची तब्येत बरी नसते. त्याने तिथल्या तिथे नाव मागे घेतलं. साहेबांनी वेटिंग लिस्ट काढली आणि वाचलं, "तेजराम गजभिये."

"हजर," कोटातून तेजराम म्हणाला.

"गरम कपडे आहेत?"

"आंगात हायेत, साहेब. पन हे याचे हायेत."

"मग सोमवारी दुपारपर्यंत तुझे दाखव. मंगळवारी गाडी आहे."

तेजरामने कोट काढून शालिकरामच्या हातात दिला आणि तो सायकल सरळ करायला लागला. लाइनीत आता एकाही घरात उशी उरली नव्हती, आणि त्याची स्वतःची रजई त्याच कोटात होती.

घरी येऊन शालिकरामने सगळं सांगितलं. शेवंताने चुलीतली लाकडं मागे ओढली. मग उठली, कात्री घेतली, अंगणात चटई टाकली आणि चंपतचे टाके एकेक करून कापायला लागली. बाया जमल्या. "अवो, शालिकभाऊचा कोट उसवून राहिल्या?" एकीने विचारलं.

"शालिकभाऊचा कायचा? लाइनीचा हाय," शेवंता म्हणाली. "आनि याच्यात दोघाईपुरता कापूस हाय. एकटाच घालून हिंडला तं हात कधी खाली येनार हायेत त्याचे?"

मैनाबाईने आपलं जुनं लुगडं अस्तराला दिलं. रविवारी चंपतच्या मशीनवर दुसरा कोट झाला. सोमवारी सकाळी शालिकरामने आपला कोट घातला आणि त्याचे हात अलगद खाली आले. तो दारातून सरळ गेला, परत आला आणि पुन्हा एकदा गेला, नुसताच. तेजराम दुसरा कोट घालून बटनं लावत होता. शेवंता त्याच्यासमोर उभी राहिली.

"तेजरामभाऊ, एक सांगते. या आठ दिवसांत मी तुमाले लय वाईट बोलली. तुमाले मालूम नाई."

"मालूम हाय, वयनी," तेजराम म्हणाला. "आपली मधली भिंत पत्र्यापर्यंत गेलीच नाई. सगळं आयकू येते."

शेवंताची मान खाली गेली. "निखारा म्हनलं थेही?"

"थेही. ढेकनं म्हनलं थेही."

"आनि तरी तुमी मिलीत नेऊन कोट वाळोला?"

"मंग? तुमी बोलल्या म्हनून थो कोट का आपोआप वाळनार होता?"

शेवंताने सुई-कात्री घेतली. तिने नवऱ्याला बसवलं, अंगातल्या अंगात त्याच्या कोटाची शिवण उसवली आणि चांगला तीन मुठी कापूस काढून तेजरामच्या कोटात, छातीपाशी, ठासून भरला.

"अवो, मले थंडी वाजन ना तिकडं," शालिकराम म्हणाला.

"वाजू द्या थोडी," शेवंता म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.