बिया वाजेपर्यंत

आमचे शेजारी मधुकाका भोपळ्यावरसुद्धा संशय घेतात, हे आम्हाला त्या वर्षी कळलं. रोज सकाळी ते गच्चीवर जायचे, पत्र्याखाली टांगलेले दोन भोपळे कानाशी धरून हलवायचे आणि तोंड वाकडं करून खाली यायचे. काय झालं विचारलं तर "अजून नाय" एवढंच.

काका मूळचे मखमलाबादच्या मळ्यातले. सारी हयात भाजी आणि झेंडू बाजारात नेण्यात गेली. मळा मुलाच्या हाती देऊन ते आणि काकू पंचवटीत आमच्या इमारतीत आले. व्यापाऱ्यांनी जन्मभर बरंच छळलं असावं, कारण "यात गोम हाय" म्हटल्याशिवाय काकांना पुढचं बोलता येत नसे. दूधवाला वेळेवर आला तरी गोम, उशिरा आला तरी गोम. इमारतीला लिफ्ट बसली तेव्हा काकांनी आधी बटाट्याचं पोतं वर पाठवलं. ते सुखरूप पोचलं, तरी स्वतः जिन्यानेच गेले.

त्या दिवाळीनंतर माझ्या मेहुण्याने, सुनीलने, घोटीच्या पुढे डोंगरातल्या एका तळ्यावर कयाक आणि पॅडलबोर्ड भाड्याने द्यायचा धंदा सुरू केला. कयाक म्हणजे निमुळती, बसून वल्हवायची होडी. पॅडलबोर्ड म्हणजे नुसती फळी, तीवर उभं राहायचं. एका रविवारी दोन्ही घरांनी मिळून जाऊ, असं मी सुचवलं आणि काकू चहा गाळता गाळता थांबल्या.

काकू सायखेड्याच्या. लहानपणी पाठीला वाळके भोपळे बांधून गोदावरीत पोहायला शिकलेल्या. लग्नानंतर मात्र पाणी म्हणजे घाटावर पाय धुण्यापुरतं. "मला एकदा होडी वल्हवायची हाय," त्या म्हणाल्या, आणि काकांकडे न बघता कप भरू लागल्या.

झालं. काकांचा तपास सुरू झाला. तळं डोंगरात कशाला? पाणी एवढं शांत का? फळीवर उभं राहायचं, म्हणजे माणूस पडावा म्हणूनच ती केलेली. सुनीलने खात्रीसाठी एक लाइफ जॅकेट पाठवलं, तर काकांनी त्याला आमचा वरवंटा बांधून गच्चीवरच्या टाकीत सोडलं. जॅकेट वरवंट्यासकट तरंगलं. काका म्हणाले, आज तरंगलं, उद्याचं काय? इमारतीच्या नळाला मात्र दोन दिवस रबराचा वास येत होता.

मी तारीख ठरवायचो आणि काका ती मोडायचे. कधी ढग, कधी अमावास्या, कधी सुनीलचा चेहराच बरोबर नाही. थंडी सरत आली. मला त्यांचा राग येऊ लागला होता. काकू एवढंच म्हणाल्या, "त्यांचा संशय फिटंल तवा फिटंल. माझे गुडघे काय थांबायचे नायत."

आणि होळीच्या आसपास एका सकाळी काका गच्चीवरून खाली आले ते थेट माझ्या दारात. "येत्या रविवारी जाऊ." तारीख त्यांनीच काढली म्हटल्यावर आता मलाच यात गोम दिसायला लागली.

तळ्यावर सुनीलने काकूंना जॅकेट चढवलं. काकांनी पट्टे ओढून पाहिले, मान हलवली आणि पिशवीतून ते दोन भोपळे काढले. काकूंनी एक हातात घेऊन हलवला. आतून पुरता वाळला होता, बिया खुळखुळत होत्या.

"हे कधी वाळत घातले?" काकूंनी विचारलं.

"तू होडीचं बोललीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मळ्यातून आणले." काका दोरीची गाठ बांधत होते. "वाळायला लय येळ लागतो. तवर लोकांना काय तरी सांगाया नको?"

इतके दिवस मोडलेल्या सगळ्या तारखा माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. मला फार वाईट वाटलं आणि हसूही आलं.

काकू जॅकेटवर भोपळे बांधून कयाकमध्ये बसल्या आणि पहिल्या दोन हातांतच शेजारच्या कयाकमधल्या सुनीलला मागे टाकून निघाल्या. काकांना पोहता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. ते काठाच्या चिखलात काकूंच्या चपला हातात घेऊन उभे होते. खाली ठेवा, इथे कोण नेतंय, असं मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही.

"एवढ्या लांबून तिला मी दिसत असंल का?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चपला धरलेला हात वर केला.