सातच्या ठोक्याला कात्री खाली

आपल्या केशकर्तनकार संघटनेत जी काही शिस्त आहे ती केवळ आपल्या रागामुळे आहे, असं अध्यक्ष रोज सकाळी चहा पिताना बायकोला सांगत. बायको "हो का" म्हणे आणि दूध उतू जात नाही ना ते बघायला उठे.

अध्यक्षांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पूर्वी एकानं आठपर्यंत दुकान उघडं ठेवलं की दुसरा नऊपर्यंत ठेवी, तिसरा दहापर्यंत, आणि कोणाच्याच पोरांना बाप जागेपणी दिसत नसे. म्हणून अध्यक्षांनी दोन नियम केले. एक, सातच्या ठोक्याला कात्री खाली. दोन, दुकानाबाहेर कोणाचंही डोकं हातात घ्यायचं नाही. अपवाद नाही. अपवाद म्हणजे भिंतीतलं भोक, आज उंदीर येतो, उद्या बोका येतो, असं ते टेबलावर मूठ आपटून सांगत.

त्या रविवारी ते तपासणीला निघाले ते थेट मेहुण्याच्या दुकानात शिरले. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. सात वाजून गेले होते आणि खुर्चीत एक गृहस्थ एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस अशा अवस्थेत बसले होते. अध्यक्षांच्या कानशिलाची शीर उडू लागली. गृहस्थांनी विनवण्या केल्या, एकच गाल राहिलाय हो. अध्यक्षांनी त्यांना उद्या यायला सांगितलं. गृहस्थ गालाला टॉवेल लावून, दाढदुखी झाल्यासारखे बाहेर पडले.

"दाजी, दोन मिनिटांचं काम होतं," मेहुणा म्हणाला.

"नियम म्हणजे नियम."

मेहुण्यानं वस्तरा पुसला आणि मिटून ठेवला. अध्यक्षांनी ते मिटणं जरा नीट बघायला हवं होतं. कारण गेली कित्येक वर्षं त्यांचे स्वतःचे केस हाच मेहुणा कापत होता. माणूस अध्यक्ष झाला तरी स्वतःच्या मानेमागे त्याचा हात आणि डोळा एकदम पोचत नाही.

आणि या आठवड्यात केस कापणं भागच होतं. शुक्रवारी सकाळी नातीच्या वर्गात ते आपल्या कामाविषयी बोलणार होते. मागच्या आठवड्यात कोणाची तरी मावशी आग विझवायचं हेल्मेट घालून आली होती, आणि त्यानंतर नातीनं आपल्या आजोबांचं नाव पुढे केलं, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला होता, "त्यात काय? केस कोणीही कापतं."

"म्हणून आजोबा, एकदम छान केस कापून या," नातीनं बजावलं होतं. त्या मुलाचं वाक्य ऐकून अध्यक्ष दोन रात्री दातओठ खात झोपले.

पण वेळ मिळेल तर शपथ. मंगळवारी शेजारशेजारच्या दोन दुकानदारांचं भांडण आलं. एक म्हणे, हा आपल्या गिऱ्हाइकांचे केस माझ्या पायरीवर लोटतो. दुसरा म्हणे, ते केस मुळात त्याचेच. बुधवारी अध्यक्ष त्या पायरीवर गुडघे टेकून बसले आणि पांढरे केस एका बाजूला, काळे दुसऱ्या बाजूला करू लागले. तेवढ्यात कोणीतरी पंखा लावला. अध्यक्ष जे भडकले ते गुरुवारी संध्याकाळीच शांत झाले, आणि तेव्हा सातला थोडाच वेळ उरला होता.

ते धावत मेहुण्याच्या खुर्चीत येऊन बसले. मेहुण्यानं कापड झटकलं, मानेभोवती बांधलं, कंगवा पुसला, आरसा पुसला, पुन्हा कंगवा पुसला. मग उजव्या बाजूला कात्री अशी काही चालली की अध्यक्षांना डुलकी लागली. भिंतीवरच्या घड्याळात सात ठोके पडले तेव्हा ते जागे झाले. उजवी बाजू शेत कापल्यासारखी स्वच्छ होती, आणि डाव्या बाजूला अजून रान माजलेलं होतं. कात्री टेबलावर होती.

"सात, दाजी," मेहुणा म्हणाला.

अध्यक्ष काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग मेहुण्यालाच दया आली. ताईकडे येतो, कात्री पिशवीत घालून आणतो, कोणाला कळणार नाही, असं तो हळूच म्हणाला. एवढं ऐकल्यावर तरी गप्प बसावं. पण अध्यक्ष ताडकन उठले. "दुकानाबाहेर? मला? नियम दोन मोडायला सांगतोस?" आणि अर्ध्या डोक्यानिशी तरातरा निघून गेले.

घरी बायकोनं त्यांना एकदा उजवीकडून पाहिलं, एकदा डावीकडून पाहिलं आणि स्वयंपाकघरातली कात्री आणली. तीही नियमात बसत नव्हती. रात्रभर ते चिडून कूस बदलत होते. आधी मेहुण्यावर चिडले, मग नियम करणाऱ्यावर. तो कोण हे आठवल्यावर घड्याळावर चिडले.

शुक्रवारी टोपी घालून ते शाळेत पोचले. फाटकाशी मेहुणा पिशवी घेऊन उभा होता. अध्यक्षांनी मान फिरवली. वर्गात शिरले तर नात पुढे आली. ती वर्गाची मॉनिटर होती.

"आजोबा, वर्गात टोपी चालत नाही. नियम आहे."

नियम म्हटल्यावर इलाज नव्हता. टोपी उतरली. मागच्या बाकावरून आवाज आला, "बघा, म्हटलं नव्हतं, कोणीही कापतं?" नातीचे कान लाल झाले. ती खाली बघू लागली.

अध्यक्षांच्या रागाला आठवड्यात पहिल्यांदाच योग्य माणूस सापडला.

"इकडे ये," त्यांनी त्या मुलाला बोलावलं. "या उजव्या कानामागे बोट फिरव. काही टोचतं? केसांत उंचसखल पायरी लागते? नाही ना? प्रत्येक डोक्यावर भोवरा वेगळा, प्रत्येक केसाची दिशा वेगळी. ती ओळखायला आयुष्य जातं. असा हात या अख्ख्या शहरात एकाचाच आहे, आणि तो माझाही नाही."

खिडकीबाहेर पिशवी हलली. इतक्या वर्षांत मेहुण्यानं हे कधी ऐकलं नव्हतं.

मुलानं पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. "खरंच लागत नाही," तो म्हणाला. "मग डावीकडचं तसंच का सोडलं?"

"सात वाजले होते. तसा नियम आहे."

"कोणी केला?"

अध्यक्षांनी डस्टर उचलून कोरा फळा पुसायला घेतला.

नात बाईंकडे वळली. "बाई, आपल्याकडे अर्धं काम राहिलं तर मधल्या सुट्टीत बसून पूर्ण करावं लागतं ना?"

बाईंनी मान डोलावली. मधली सुट्टी होताच मेहुण्याला आत बोलावण्यात आलं. अध्यक्ष छोट्याशा बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले आणि मुलांनी डबे हातात धरून भोवती कडं केलं. नियम दोन, नियम दोन, असं ते पुटपुटत राहिले.

"आजोबा, मान हलवू नका," नात म्हणाली. मागच्या बाकावरच्या मुलाला तिनं कंगवा धरायला लावलं होतं.

आणि कानापुढचा डावा कल्ला तेवढा राहिला असताना घंटा झाली. "सुट्टी संपली," बाई म्हणाल्या. मेहुण्यानं कात्री पिशवीत टाकली. तो हसला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

शनिवारी संघटनेची सभा झाली. एक कल्ला वर, एक खाली अशा थाटात अध्यक्षांनी गरजून ठराव मांडला, की हाती घेतलेलं डोकं पूर्ण केल्याशिवाय कात्री खाली ठेवायची नाही. ठराव एकमतानं संमत झाला. लगेच त्यांनी मेहुण्याला गाठलं आणि डावा कल्ला पुढे केला.

मेहुण्यानं तो निरखून पाहिला. "दाजी, हे डोकं ठरावाच्या आधी सुरू झालंय. याला जुनाच नियम."

अध्यक्षांनी ओरडायला तोंड उघडलं. पण मेहुण्याचं ते वाक्य त्यांना फार आवडलं होतं. घरी जाताना त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. नियम तीन म्हणून ते किती शोभलं असतं!