बिनशेंदराची कुऱ्हाड

आमच्या शेजारचे मनोहर मास्तर चहा पिण्याआधी भांड्याला त्याचं गाव विचारतात. भांडं उलटं करायचं, बुडाला कानस मारायची, वर कसलासा थेंब टाकायचा आणि मान डोलवायची. "माणूस खोटं बोलन काकू, धातू नाई बोलत." शाळेत रसायन शिकवायचे. शाळा सुटली, कानस सुटली नाही. ते दिसले की बाया पराती झाकतात.

उन्हाळ्यात गावात शेततळं खोदताना तांब्याची जुनाट कुऱ्हाड निघाली. लोकांनी ती मारुतीपुढे ठेवली. शनिवारी तिला शेंदूर लावायचं ठरलं. पहिलं बोट माझं, कारण वयानं मीच मोठी. वाटी घेऊन गेले, तर मास्तर कुऱ्हाड पोटाशी धरून देवळाच्या पायरीवर बसलेले, भोवती गर्दी.

"शेंदरात शिसं असते!" ते ओरडत होते. "तांबं कोणत्या खाणीतलं, ते त्यातल्या शिशावरून समजते. वरून हे शिसं भेगांत गेलं, तं ती जन्मात आपलं गाव सांगणार नाई. नागपूरच्या तपासणीवाल्या बाई दुपारी येऊन राह्यल्या. चिमूटभर चुरा घेऊ द्या, मंग फासा."

"देवापेक्षा तुमची बाई मोठी काय?" म्हणत गर्दीतल्या तरण्या गजूनं त्यांची कॉलर धरली. बटन तुटून माझ्या पायाशी आलं. कोणीतरी हसलं, मग कोणीच हसलं नाही. चार माणसं पुढे सरकली. मास्तरांच्या तळव्यातून रक्त येत होतं, पण कुऱ्हाड सुटेना.

मी वाटी खाली ठेवली. "गजू, हात काढ. मारुतीले कोणती गाडी पकडाची आहे? संध्याकाळी लावू."

माझ्याआधी बोट लावायची कोणाची छाती नव्हती. पण घरीही कोणी गेलं नाही. बाई येईपर्यंत सगळे मास्तरांना घेरून उभे होते.

बाईंनी बारीक गिरमिटानं चुरा काढला. संध्याकाळी शेंदूर लागला. दिवाळीनंतर निकाल आला. तांबं इकडचं नव्हतं, दूर उत्तरेच्या डोंगरातलं होतं. मास्तर गावभर सांगत फिरले, गजूलासुद्धा.

त्या दिवशी मी त्यांच्याकडे भाजी घेऊन गेले. बायको गेल्यापासून एकटेच रांधतात, म्हणजे जाळतात. फळीवर तांब्याचा एक पोचे पडलेला, पाणी प्यायचा गडवा होता. मास्तरांच्या सवयीनं मीच तो उलटा केला. बुडाला एक ओरखडा नाही.

"याले काऊन सोडलं, मास्तर?"

त्यांनी गडवा माझ्या हातातून काढून घेतला. माझी बोटं उमटली होती, ती सदऱ्यानं पुसली.

"हिनं माहेरून आणला होता, काकू. याचं गाव मले माहीत आहे."