शंभराच्या आतलं शहर

बहरीनचा नकाशा पुढे ठेवला, तर मुकादमभाई आधी चष्मा शोधतील. पण अमेरिकेतल्या एका इवल्याशा गावाच्या चतुःसीमा ते झोपेतही सांगतील.

"पश्चिमेला ओढा, पूर्वेला मका, मधी एकच चौक. आन् वस्ती शंभराच्या आत! तरी त्याला सिटी म्हणतात, बाई. आमच्या गावात मय्यताला याहून जास्त माणसं येतात."

मुकादमभाई रत्नागिरीकडचे, इथे बहरीनला एका गोदामात स्टोअरकीपर. जुफैर भागात आमच्याच इमारतीत राहतात. ऑफिसला आम्ही एका गाडीने जातो. वाटेत मी आठवड्याच्या बाजाराची आखणी करते आणि ते मला त्या गावाच्या पाण्याच्या टाकीचा रंग सांगतात. ज्या गावात आपलं काडीचं काम नाही, तिथली टाकी हिरवी की पांढरी, हे कळून करायचं काय?

इमारतीत जवळच्या अमेरिकी नाविक तळावरचे लोक पुष्कळ. लिफ्टमध्ये एखादा सापडला की भाईंचं सुरू, "यू, व्हेअर फ्रॉम?" टेक्सास म्हटलं की यांचा चेहरा पडतो. एकदा मात्र एकजण त्या गावाच्या शेजारचाच निघाला. भाई तिसऱ्या मजल्यावर उतरायचे सोडून त्याच्यासोबत थेट बाराव्यावर गेले. मीही कुतूहलापोटी गेले.

"हॉस्पिटल? हाउ फार?"

"गाडीने तासभर. बर्फ नसेल तर."

"आन् असेल तर?"

त्याने हसून खांदे उडवले. खाली येताना तिसरा मजला आला तसे भाई पुटपुटले, "बाई, तिकडं सुईण मिळत असेल काय?"

"भाई, तिकडे कोण आहे तुमचं?"

तेव्हा कळलं. रुबिनाने, त्यांच्या मुलीने, याच इमारतीतल्या एका अमेरिकनाशी लग्न केलं आणि ती त्याच्या गावी गेली. "खलास, तिचं नाव घरात नको," असं भाईंनी बायकोला बजावलं होतं. तिला दिवस गेल्याचं आणि ते भरत आल्याचं मात्र त्यांना बायकोकडूनच कळलं होतं.

"नंबर आहे?"

"पाठ आहे."

मी स्पीकरवर लावून दिला. पलीकडून "हॅलो" आलं, दोनदा. भाईंनी नुसता घसा खाकरला.

"अब्बा? तुम्हीच ना?"

"गो माझे बाय," भाई कसेबसे म्हणाले, "पहिलं बाळंतपण माहेराला असतं. तुला आता विमानात बसू देणार नाहीत. मी व्हिसाचं बघतो. तुझ्या आईला घेऊन मीच येतो, म्हणजे माहेर तिकडंच झालं. चालेल ना तुला?"

पलीकडे नुसतं हुंदके देणं चाललं होतं. भाई प्रत्येक हुंदक्याला मान डोलवत होते. डोलवलेली मान फोनवर दिसत नाही, हे मी काही त्यांना सांगितलं नाही.