कोहळ्याकडे बघू नका

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात गुरुरावांनी इंदिराबाईंना शब्द दिला होता, "तुला मोटरसायकलवरून कोल्हापूरच्या अंबाबाईला नेतो." पुढे पोरं झाली, पोरं अमेरिकेला गेली, गुरुराव निवृत्त झाले. जुनी जावा मोटरसायकल अंगणात उभीच राहिली. यंदा गुडघ्यांनी कळवलं की आता नाही तर कधीच नाही.

म्हैसूरजवळ हिनकलच्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर पुण्याचा अमेय भाड्यानं राहायचा. तो एकदा गाडीवरून लडाखला जाऊन आला होता. तेव्हापासून टोमॅटो निवडतानाही "हे मला लडाखनं शिकवलं," म्हणायचा. गुरुरावांनी त्याला गुरू केलं.

"काका, पहिला धडा. सामान कमी."

इंदिराबाईंनी लोणच्याची एक बरणी बाहेर काढली. आत दोन उरल्या.

"दुसरा. जे चुकवायचंय त्याच्याकडे बघायचं नाही. नजर जिथं, गाडी तिथं."

"संसारातपण तसंच, अल्वा? हो की नाही?" गुरुराव म्हणाले.

"तुम्ही कुणाकडे बघत होता?" इंदिराबाईंनी विचारलं.

निघायच्या सकाळी दूध बंद झालं, पेपर बंद झाला, गल्लीचा निरोप घेऊन झाला. गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. शेवटी दृष्ट लागू नये म्हणून गुरुरावांनी कुंकू भरलेला कोहळा फाटकासमोर आपटला. रस्त्यावर लालपांढरा गर पसरला.

अमेय काळजीनं म्हणाला, "काका, फक्त कोहळ्याकडे बघू नका."

तोवर गुरुरावांच्या मनात कोहळा नव्हता.

गाडी फाटकातून निघाली, आज्ञाधारकपणे कोहळ्यात गेली आणि आडवी झाली. तीही इतकी सावकाश, की इंदिराबाई उतरून बाजूला उभ्या राहिल्या. गुरुरावांचा पाय मात्र खाली राहिला.

दुपारी पायाला प्लास्टर घालून झाल्यावर रिक्षा दारात आली. गुरुराव मान खाली घालून बसले होते. "राहिलं ग इंदू. माझ्यानं होईना."

इंदिराबाई रिक्षातून उतरेनात. हेल्मेट तर त्यांनी डॉक्टरांकडेही काढलं नव्हतं.

"काकू, आत चला ना," अमेय म्हणाला.

"बेडप्पा, नको रे. आत गेले की कुकर लावायला पाहिजे. मी प्रवासाला निघाले. सगळ्या गल्लीनं टाटा केलाय. दूधपण बंद आहे."

"मग कुठं जाणार?"

त्यांनी रिक्षावाल्याला कन्नडमधून म्हैसूरमधल्याच मंडी मोहल्ल्यातल्या एका लॉजचा पत्ता सांगितला.

संध्याकाळी अमेय अपराधी चेहऱ्यानं लॉजवर पोचला. गुरुरावांचा पाय उशीवर होता. इंदिराबाई पलंगावर पाय पसरून खिडकीतून बाजार बघत होत्या. हेल्मेट आता खुंटीवर होतं.

"काकू, टॅक्सी ठरवू? उद्या कोल्हापूर."

"नको. अंबाबाई कुठं पळत नाही." मग नवऱ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुम्ही नेतो म्हणाला होता. नेलं की."

गुरुरावांनी उगाच प्लास्टर निरखलं.

"अमेय, कॉफी घे."

"नको काकू, राहू दे."

"घे रे. काही करायला लागत नाही. ही बेल दाबली की आणतात." त्यांनी बेल दाबली. जरा थांबून, खात्री करायला, परत दाबली.

"आणि मला?" गुरुरावांनी हळूच विचारलं.

"तुमची मघाशीच सांगितली. बिनसाखरेची."