हुडहुडी भरलेली गाडी आणि म्हात्रेकाका

आमच्या सोसायटीत लाटणं घेऊन पार्किंगमध्ये उतरणारा एकच माणूस आहे. म्हात्रेकाका चालू गाडीचं बॉनेट उघडायला लावतात, लाटण्याचं एक टोक इंजिनावर टेकवतात, दुसरं कानाला लावतात आणि डोळे मिटतात. आपण तोंड उघडलं की त्यांचा हात वर. "गप गो बाय. तिला बोलू दे."

काका मूळचे इथलेच, आगरी. शेतं गेली, त्यांवर आमच्यासारख्यांच्या इमारती आल्या आणि काका न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेनवर लागले. निवृत्तीनंतर उचलायला कंटेनर उरले नाहीत, तेव्हा त्यांनी आमच्या गाड्या हाती घेतल्या. त्यांचं निदान ठाम असतं, बरोबर असेलच असं नाही. सेक्रेटरींच्या गाडीला त्यांनी जुना दमा सांगितला. निघाली सीटखाली गडगडणारी पाण्याची बाटली. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशींनी विजेवर चालणारी गाडी आणली, तर काका तिच्यावर लाटणं टेकवून बराच वेळ उभे राहिले आणि पडलेल्या चेहऱ्यानं हळूच म्हणाले, "कदी गेली?"

सगळ्यांबरोबर मीही हसायचे. मग माझ्या गाडीला हुडहुडी भरली.

माझी गाडी जुनी आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. पण सायकल सोडली तर चाकं असलेली आमच्या घरातली ती पहिली वस्तू. तुर्भ्याच्या कंपनीतल्या माझ्या पगारातून घेतलेली, माझ्या नावावरची. आता ती सिग्नलला उभी राहिली की थडथडायची, मध्येच एक ठोका चुकवायची, आणि हिरवा लागला की नेमकी बंद पडायची. मागचे लोक हॉर्नवर हात ठेवूनच जन्माला आल्यासारखे. कोपरखैरण्याच्या गॅरेजवाल्यानं बॉनेटमध्ये एकदा डोकावून सांगितलं, "मॅडम, इंजिन खोलना पडेगा. इससे अच्छा भंगार में दे दो." आमच्या ह्यांना तेवढंच हवं होतं. त्यांनी भंगारवाल्याला फोन करून रविवारी बोलावूनही टाकलं. मी दोन दिवस ह्यांच्याशी धड बोलले नाही.

आणि नेमके याच वेळी काका गायब. एरवी गाडीला शिंक आली तरी धावणारा माणूस, पण मी लिफ्टमध्ये भेटले की ते जिना धरायचे. एकदा पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलंच. "काका, बघा ना जरा हिला." त्यांनी गाडीकडे न बघता सांगितलं, "पेट्रोलमदी पानी असंल," आणि सटकले. मला रागच आला. हौस सगळ्यांच्या गाड्यांची, आणि माझी मरायला टेकली तर पेट्रोलमध्ये पाणी!

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात काका. हातात पक्कड. "बाय, उद्या भंगारवाला येतंय, असा वॉचमन बोलला. खरा हाय?"

"हो."

"चावी आन."

खाली गाडी चालू केली. ती थडथडायला लागली. काकांनी पक्कडीला जुनं रबर गुंडाळलं होतं. प्लगांकडे जाणाऱ्या चार वायरींपैकी पहिली उपसली तर गाडी आणखीच हडबडली. ती परत बसवून दुसरी काढली, पुन्हा तेच.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"घरातला मानूस उठून गेला न घराला पत्ताच लागला नाय, तर समज तो आदीपासूनच बंद हाय. तसा सिलिंडर शोधतंय."

तिसरी वायर काढली. गाडीला पत्ताच लागला नाही.

काकांनी इंजिन बंद करायला सांगितलं आणि ती वायर उजेडात धरली. रबर कुरतडलेलं, आतली तार उघडी. ठिणगी प्लगपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर निसटत होती. काका लगेच स्कूटरवरून जाऊन नव्या वायरी घेऊन आले आणि बसवल्या. मी चावी फिरवली. गाडी इतकी शांत उभी राहिली, की चालू आहे ना, म्हणून मी बॉनेटवर हात ठेवून बघितलं. मला असं काही हायसं वाटलं की मी तिथेच फरशीवर बसले आणि एकटीच हसत सुटले.

काका हसले नाहीत. "उंदीर माज्यामुलं आलं, बाय," ते म्हणाले. "लाजंनं तुज्यासमोर येत नव्हतू."

माझ्या गाडीशेजारीच कव्हरखाली काकांची स्वतःची, न चालणारी गाडी असते. त्यांनी तिची डिकी उघडली. वास आधी आला. आत पुडकीच पुडकी: सुके बोंबील, सुकट, जवळा. खालची काही फोडलेली.

काकी जाऊन दोन वर्षं झाली. काकींची धाकटी बहीण दिवाळे गावात असते, मासळी सुकवते. काकींचं लग्न झाल्यापासून ती दर महिन्याला बहिणीच्या वाट्याचं पाठवायची, ते अजून पाठवते. सून चांगली आहे, पण त्या वासानं तिला उलट्या होतात. आणि एकट्यासाठी काका काय भाजणार?

"मग नको म्हणून सांगा ना मावशींना."

"कसा सांगू? बहिनीसाटी धाडतंय ती." काका डिकीत बघत राहिले. "मी नको बोललू, तं तिला वाटंल बहीन खरंच गेली. टाकवत पन नाय मना."

गाडी जवळजवळ भंगारात घालवल्याबद्दल मी रागवायला हवं होतं. रागावलेही, पण भलत्याच गोष्टीवर. "काका, शेजारी माझ्यासारखी चिपळूणची बाई राहते, आणि तुम्ही बोंबील उंदरांना घालता?"

ह्यांनी भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. फोडलेली पुडकी आम्ही फेकली, धड होती ती वर नेली. दुपारी मी बोंबील भाजून, कांदा-कोकम घालून परतले, तांदळाची भाकरी टाकली. काका पहिले काही घास नुसतेच खाली मान घालून जेवले. मग भाकरी मागून घेतली. पुन्हा मागितली.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. दिवाळ्याची मेहुणी. तिचा आवाज असा, की स्पीकर लावायची गरजच नाही. "दाजी, या खेपंचा पुरला का वो?"

काकांनी ताटाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि तोंडातला घास गिळला.

"नाय पुरला गो," ते म्हणाले. "जरा जास्त धाड."