गणपतीची भिंत आणि सत्यवानाचा फ्रीज

जामसंड्यात भाडेकरू ठेवावा तर गंगारामानेच! खोली देतानाच त्याने कचेरीतल्या सत्यवान कारकुनाला बजावलं होतं, "घरात काय मोडला-बिघडला, तर जेचो हात लागलो, तेणाच भरूचा." हा कायदा तो येणाऱ्या-जाणाऱ्यालाही अभिमानाने ऐकवायचा.

पुढे सत्यवानाच्या गोव्यातल्या मामाने लग्नाचा आहेर म्हणून रॉकेलवर चालणारा फ्रीज धाडला. ते धूड खोलीच्या दारातून काही शिरेना. शेवटी फ्रीज घरमालकाच्या माजघरात, गणपतीच्या भिंतीला लागून उभा राहिला. गंगाराम थक्क झाला. खाली वात जळते आणि वर पाण्याचा दगड होतो! बर्फाचा एक खडा त्याने तळहातावर घेतला. खडा विरघळून गेला तरी म्हातारा आपला ओल्या हाताकडे बघतोय. आळीतल्या बायका तर फ्रीजला हळदकुंकू लावून गेल्या.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी गंगारामाने दरवर्षीप्रमाणे भिंत रंगवली. मधे मोर, दोन्ही बाजूंना कमळं. त्याच्या मोराला गावात मान होता. मग सगळे मूर्ती आणायला चित्रशाळेत गेले.

पाटावरचा गणपती घेऊन परततात तर काय, माजघरात धूरच धूर! भिंत काळीकुट्ट, मोराचा कावळा झालेला. फ्रीजमधला बर्फ वितळून सारवलेल्या जमिनीचा चिखल. देव दारात आणि त्याला बसायला जागा नाही. असं त्या घरात कधी घडलं नव्हतं.

मग गंगाराम कडाडला. सगळ्या आळीदेखत कायदा ऐकवला आणि सत्यवानाला खोली सोडायला सांगितलं. पोरगा पांढराफटक पडला. सोडतो म्हणाला. मग वाकून फ्रीजखाली बघत त्याने हळूच विचारलं, "पण काका, वात एवढी वर कोणी केली?"

गंगारामाची बायको आनंदीबाई पुढे झाली.

"मियां केलंय. देव घराक येतलो, आणि भिंतीकडचो दिवो मिणमिणता? बरां दिसता ता?"

कायदा गंगारामाचाच, आणि हात घरचाच! त्याने निमूटपणे चुन्याचं मडकं उचललं. भिंत धुवायला वेळ नव्हता. त्या काजळीवरच बोट चुन्यात बुडवून त्याने मोर काढला आणि भोवती चांदण्या. सत्यवानाने चिखलावर फळ्या टाकल्या.

समया लागल्या आणि बघणारे दारातच थबकले. काळ्याभोर आभाळात चांदणं फुटलं होतं आणि त्यातून देव चालत आल्यासारखा वाटत होता. अशी भिंत पंचक्रोशीत कोणी पाहिली नव्हती. गंगारामाने स्वतःच्याच भिंतीला हात जोडले. खोली सोडायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

पुढच्या वर्षी चतुर्थी जवळ आली तसा गंगाराम सत्यवानाच्या दारात येऊन उगाच घुटमळला. हवापाण्याचं बोलून झालं. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "रे सत्यवाना, ती वात जरा वर करतंस? तूच कर हां. माझो हात लागूक नको."